मोत्यांचं पाणी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खराखुराच घातला आहे असं समज, या उन्हाळ्यात फरशीवर पालथं पडण्याइतकी थंड जागा घरात दुसरी उरलेली नाही.) तुझे गुडघे, भावोजींचं पोट आणि तुमच्याकडची हवा ठीक असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे आहोत. बरे आहोत असं लिहिणार होतो, पण पत्रात खोटं लिहू नये हे आईनेच शिकवलंय आणि ती शेजारच्याच खोलीत आहे.

तुझं पत्र पोचलं. आईची मोत्यांची माळ उन्हाळ्यात कशी जपावी याच्या त्यात सोळा सूचना आहेत. घाम लागू देऊ नये, ऊन लागू देऊ नये, अत्तर-पावडर लागू देऊ नये, वगैरे वगैरे. आई कशी आहे, हा प्रश्न सतरावा म्हणूनही नाही. (पानाची मागची बाजूही पाहिली. तिथे ‘माळ हरवू नकोस’ असं आहे.) खरं सांगतो, मला राग आला. पण तू मोठी, माळ पुढे तुझ्याकडेच जायची, म्हणून मुकाट्याने कामाला लागलो.

पहिली सूचना घामाची. आईने ती माळ टाइपिस्टच्या नोकरीत एकतीस वर्षं रोज घातली आणि अंथरुणाला खिळल्यावरही काढली नाही, हे तुला माहीत आहे. मी ती काढली. आई नुसता हात गळ्याकडे नेत राहिली, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नसलेल्या माणसासारखी. माळ मी लोखंडी कपाटात ठेवली. हे कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं आहे आणि दुपारी त्याला हात लावला तर चटका बसतो, हा शोध मला आठ दिवसांनी लागला. काढून बघतो तर मोती निस्तेज, आंधळ्या डोळ्यांसारखे. माळ खिशात घालून कोपऱ्यावरच्या सोनाराकडे धावलो. हा सोनार मान वर न करता बोलतो. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, “पाणी उतरलंय. आता पाणी जपा.”

ताई, यात माझी काय चूक? (ही, म्हणजे तुझी भावजय, म्हणते, सगळीच.) घरी येऊन मी काचेचा वाडगा घेतला, त्यात गाळलेलं पाणी भरलं, माळ सोडली आणि वाडगा फ्रिजमध्ये ठेवला. सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी बदलायचो. वीज गेली की वाडगा मांडीवर घेऊन त्याला वर्तमानपत्राने वारा घालायचो. असा पाच दिवस मी मोत्यांच्या दिमतीला होतो. सहाव्या दिवशी हिने फ्रिज पुसायला काढला, वाडगा बाहेर ठेवला आणि मग आईच्या कवळीचा समजून बेसिनमध्ये रिकामा केला. रेशमाचा दोरा आधीच कुजला होता. मोती थेट नळीत. मी बेसिनखाली पालथा, हातात पाना, तोंडावर नळीतली घाण, एकेक मोती टिपतो आहे आणि हिच्या नावाने खडे फोडतो आहे, तेवढ्यात हिने आतून हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता.

आई ओ देत नव्हती. ओठ सुकून एकमेकांना चिकटले होते. डॉक्टर आले. त्यांनी आईच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. “अंगातलं पाणी गेलंय सगळं,” ते म्हणाले. “दिवसाला किती पाणी देता?” मोत्यांना किती देतो ते थेंबाथेंबानिशी सांगितलं असतं. आईच्या उशाशी तांब्या असायचा, संध्याकाळी बघावं तर भरलेला. मला वाटायचं, हिने पाजून पुन्हा भरला असेल. हिला वाटायचं, मी. मला लाज वाटते, ताई. दुसऱ्या कुणाला हे लिहिलं नसतं.

सलाइन उतरल्यावर, तीन दिवसांनी, मोती रुमालात बांधून सोनाराकडे गेलो आणि सगळी हकीकत सांगितली. त्याने पहिल्यांदाच मान वर केली. “अहो, पाणी म्हणजे झळाळी!” असं म्हणून तो इतका हसला की त्याला स्टुलाचा आधार घ्यावा लागला. मग माझा चेहरा बघून थांबला. म्हणाला, “मोती माणसाच्या अंगावर असू द्या. घाम आला तर मऊ फडक्याने पुसा. पण कोंडून ठेवलेत तर मरतील.” म्हणजे ज्या गळ्यातून मी माळ काढली तोच बरोबर होता. नव्या दोऱ्यात ओवून त्याच गळ्यात परत घातली आहे. आईचा हात वर गेला, त्याला माळ लागली, आणि तो खाली आला तो पुन्हा गेला नाही.

भावोजींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
वयाच्या साठीतही धाकटाच

ता. क. एक मोती कमी आहे. सोनाराने मागच्या बाजूला जाड गाठ मारली आहे. तुझ्याखेरीज कुणाच्या लक्षात येणार नाही.

आणखी ता. क. तुझ्या सूचना वाया गेलेल्या नाहीत. पश्चिमेचं ऊन लागू देत नाही, घाम मऊ फडक्याने टिपतो, अत्तर-पावडर लावत नाही, रोज जवळ घेऊन नीट बघतो. आईला सगळ्या लागू पडतात. पाण्याचं तू लिहिलं नव्हतंस, ते मी चमच्याने देतो. आई उन्हाळा काढेल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

शेवटचा ता. क. माळेचं सोड. आई जागी झाली की एकच विचारते, “मोठी आली का?” पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “आली, हातपाय धुतेय.” तिला ते पटलं. रोज विचारते, रोज तेच सांगतो. अकरा दिवस झाले, ताई, तू हातपाय धुते आहेस. काल म्हणाली, “किती पाणी सांडतेय ही!” आता बाहेर ये.