मिलनची टाच

१० फेब्रुवारी
नळाला नुसता वारा. समोर पाच मजली बांधायलेत, त्यांच्या बोअरला पाणी लागलं म्हणं. आमचा हंडा पालथाच.
नितीनचा फोन. तिकडं स्लोव्हाकियात बर्फ. नातवाच्या, मिलनच्या डाव्या पायाचं प्लास्टर बदललं. विचारलं, पाऊल किती सरळ झालं? ‘होतंय माय.’ किती? ‘होतंय ना.’ बापावर गेलाय. एवढुसं लेकरू, मांडीपातूर प्लास्टर, आन मला होतंय सांगतो.
जन्मलं तेच पाऊल आत वळून. टाच वर ओढलेली. ती खाली आली तर नीट चालंल. मला बाकीचं नको, टाचेचं सांगा.

१३ फेब्रु.
नि.ला विचारण्यात अर्थ नाय. आज सरळ विहीणबाईला व्हिडिओ लावला. दुपारी सून सुजा निजती तवा लेकरू तिच्या आईपाशी असतं. मार्ता नाव. म्हातारपणी इंग्रजीच्या क्लासला जाती, माझ्याशी बोलायचं म्हणून. मी चौथीत शाळा सोडली, मला ना इंग्रजी ना स्लोव्हाक.
तिनं क्लासचा कागद दाखवला. पायाचं चित्र. वर इंग्रजी, खाली त्यांचं. गुडघ्यावर थाप मारून म्हणली, नी. कोलेनो. मी माझ्या गुडघ्यावर मारली. मग हील. पेता. मी चुलीपुढचा पाय उचलून टाच दाखवली, भेगाळलेली. लग्नात विहिणीचा मान म्हणून तिनंच धुतलीय. वळखली असंल, हसली.

१७ फेब्रु.
मेसच्या भाकरी थापता थापता पाठ केलं.
पोटरी – लीत्को – काफ.
घोटा – च्लेनोक – अँकल. हे च्ले तोंडात बसत नाय, पीठ खाल्ल्यासारखं होतं.
इंग्रजीत पाय दोन. वरचा लेग, खालचा फूट. कशाला? विहीणबाईकडं सगळ्याला नोहा, आपल्याकडं सगळ्याला पाय. बोटाचंबी तसंच, हाताचं का पायाचं, ते बी प्रस्तच म्हणतात.
एक ध्यानात आलं. हील म्हणून आठवत नाय. आधी पेता आठवतं, मग तिचं तोंड, मग हील येतं. इंग्रजीला तिच्या घरातून जावं लागतं.
शेजारची शकू भाकरीला मदतीला येती. म्हणली, अक्का, आता मास्तरीण होता का काय. म्हणलं, तू पीठ मळ.

२२ फेब्रु.
शकूनं डोक्यात किडा सोडला. ‘ग्रहणात सुनंनं काही चिरलं असंल, त्याबिगर पाऊल वळत नाय.’ तिला गप केलं. पण गरोदरपणी एक ग्रहण आलं होतं खरं. मीच फोनवर सांगितलं होतं, हिला गप बसव म्हणून.
संध्याकाळी नि.ला विचारलंच. ग्रहणात चिरलं होतं का काही हिनं? सुजा शेजारीच बसलेली. ग्रहण शब्द तिनं धरला, त्याला विचारत राहिली. त्यानं सांगितलं.
ती उठून गेली. लेकरू घेऊन.

२६ फेब्रु.
विहीणबाई फोन उचलंना.
नि. एकटाच बोलला. ‘माय, ती रात्रीतून उठून त्याचं पाऊल बघती. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कुणाची चूक नाय म्हणून. आता तिला खरं वाटंना.’
म्हणलं, माझं सॉरी सांग.
‘तूच सांग.’
सॉरी तर रिक्षावाला बी म्हणतो धडकल्यावर. बाकी माझ्यापाशी काय, गुडघा, घोटा, पोटरी. एवढ्यात कशी मागू माफी.

२ मार्च
लावला फोन. सुजानं उचलला. डोळे सुजलेले. जे पाठ केलेलं ते सगळं इसरले. सॉरी म्हणलं आन दोन्ही कान धरले. तशीच धरून बसले.
ती बघायली. मग जोरात आईला हाक मारली. विहीणबाई हात पुसत आली, तोंड एकदम मोबाईलात. बोली उखो? बोली उखो? स्वतःच्या कानाला हात लावून. माझा कान दुखतोय वाटलं त्यांना. इतके दिवस माझ्यावर रुसलेली बाई, कानात टाकायचं तेल दाखवायली.
मागून नि.चा आवाज, हसत काय ते सांगितलं. सुजा हसली, मग लई रडली. मी म्हणलं, ग्रहण नो. सुजा गुड. मिलन नोहा गुड. शब्द तेवढेच होते.
जाताना सुजानं बी कान धरले. तिनं कशाला.

११ एप्रिल
प्लास्टर निघालं. विहीणबाईनं पाय धरून दाखवला, वाळल्या शेंगेसारखी पोटरी. पण पाऊल सरळ. टाचेखाली बोट ठेवलं तिनं. ‘हील डाऊन.’
भाकरी करपली. करपू दे.
शकूला सांगितलं. म्हणली, बरं झालं अक्का, पण ग्रहणाचं... म्हणलं, उद्यापासून तुझं पीठ तुझ्या घरी मळ.
(सकाळी आली ती. मी परात पुढं सरकवली.)

९ मे
ऊन सोसंना. टँकर कधी येतो कधी नाय.
प्लास्टर निघाल्यापासून बूट. दोन बूट, मधी दांडी. काढले की पाऊल परत वळतं म्हणं. दिवाळीत सगळे इकडं यायचं म्हणतात, विहीणबाईसुद्धा. सुजानं नि.कडून विचारलं, तुझी माय तेल लावायच्या नावाखाली बूट काढणार नाय ना? राग आला. मग वाटलं, विचारलं ते बरं केलं. काढले असते मी.

१२ मे
विहीणबाईचा फोन. आवाज बारीक. कालपासून लेकरू बुटात रडतंय, खुणेनं सांगितलं. टाच वर सरकली का काय, अशी शंका. बुटाला मागं बारीक भोक असतं, तिथून टाच दिसली तर खाली बसलीय.
म्हणलं, दाखव. तिनं मोबाईल भोकाला लावला. काळं. पाय हलला. परत काळं. विचारलं, पेता? ‘मोमेंट,’ म्हणली.
खाली टँकरचा हॉर्न. शकू हाका मारायली, अक्का, हंडे आणा. आणले नाय. मोबाईल डोळ्यापाशी धरून बसले.