बाळभाऊजींचं पथ्य

११ जानेवारी १९९२, शनिवार

आला लेख. तिसऱ्या पानावर, चौकटीत. 'घरी राबणाऱ्या बायकांचा आहार. लेखक : डॉ. गोपीनाथ टिपणीस.' माझं नाव कुठेच नाही. खाली बारीक अक्षरातसुद्धा नाही! चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाहीच.

लिहिलं मी. शिकवणीची मुलं गेल्यावर, ह्याच टेबलावर बसून. कावीळ झाली, शाळेतली नोकरी सुटली, त्यानंतर येईल तो ताप, येईल तो खोकला मलाच धरायचा. तेव्हा कॉलेजातलं जीवशास्त्र आठवून आठवून स्वतःचा आहार स्वतः लावला आणि उभी राहिले. बाळने ते पाहिलं. बाळ म्हणजे हेच डॉ. गोपीनाथ, माझा धाकटा दीर. नौपाड्यात त्याचा दवाखाना, वरच घर. म्हणाला, "वहिनी, हे लिहूनच काढा. साप्ताहिकवाले माझ्यामागे लागलेत. दोघांचं नाव टाकू."

दोघांचं!

१३ जानेवारी

दवाखान्यात गेले. पेशंट बसलेले होते, त्यांच्यादेखत विचारलं. हसला. "वहिनी, लोक डॉक्टरचं ऐकतात. घरातली बाई सांगते पालेभाजी खा, तर कोण खातं?" वर आणि, "पुढचा लेख बुधवारपर्यंत द्या हां!"

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "सोड गं. घरातलंच आहे."

घरातलंच! मी लग्न होऊन आले तेव्हा बाळ शाळकरी पोर. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्याच्या पानात चार घास पडायचे ते माझ्या हातचे. आता मला शिकवतो, बाईचं कोण ऐकतं म्हणून.

मी सोडणार नाही. काय करणार ते ठाऊक नाही. पण सोडणार नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

मालू येऊन गेली. बाळची बायको. दर गुरुवारी आमच्या वर्तकनगरात साईबाबांच्या देवळात येते, जाताना माझ्याकडे टेकते. तिळगूळ दिला, चहाचं विचारलं. तर म्हणते, "नको वहिनी, आमच्याकडे बंद!"

"का गं?"

"अहो, ह्यांनीच लिहिलंय ना! घरी काम करणाऱ्या बायका भूक लागली की चहा ढोसतात. भूक मरते, अंगात रक्त होत नाही, मग रोगाशी लढणार काय डोंबल? मला तर वाचून रडूच आलं. मीच ती बाई! दुधाची एक पिशवी बंदच केली."

"आणि भाऊजी?"

"चार वाजता वर आले, चहा कुठाय म्हणून. मी पेपर पुढे केला. म्हटलं, स्वतःचं लिहिलेलं तरी पाळा!"

"मग?"

"मग काय! पाणी पिऊन खाली गेले. छापलंय ना!"

ती गेली आणि मला हसू फुटलं. किती दिवसांनी.

१७ जानेवारी

सुचलं!

बाळला काय आवडत नाही, हे माझ्याइतकं जगात कुणाला ठाऊक आहे? नाचणीची आंबील मोरीत ओतायचा. कारलं फडताळामागे टाकायचा, मुंग्या लागल्या की कळायचं. शेवग्याचा पाला, मेथी, दुधी, तांदुळजा—नाव काढलं की पोटात दुखायचं. आणि जीव कशावर? मटण, सुकवलेल्या कोळंबीची, म्हणजे सोड्याची खिचडी, खाजाचे कानवले, नारळाच्या रसातलं वालाचं बिरडं.

मालू छापलेल्या शब्दाची भक्त. तेव्हा दर शनिवारी मी लिहीन ते रविवारपासून त्याच्या पानात.

एक मात्र ठरवलंय. खोटं अक्षर लिहायचं नाही. बायका वाचतात, करतात. त्यांचं वाकडं होता कामा नये. सुदैवाने त्याला न आवडणारं सगळंच पौष्टिक आहे.

आणि हे कुठवर? तर तो आपल्या तोंडाने मालूला सांगेपर्यंत : हे मी लिहीत नाही, वहिनी लिहितात. मी सांगणार नाही. त्याच्याच तोंडून यायला हवं. मटणासाठी खरं बोलेल, बोलेलच. मग माझं नाव माझ्याकडे.

२५ जानेवारी

आंबील छापून आली.

३० जानेवारी, गुरुवार

मालू म्हणाली, "वहिनी, अहो हे आंबील पिताना डोळे मिटून घेतात!"

"चांगलं असतं. लक्ष लागतं," मी म्हटलं.

"पहिल्या दिवशी म्हणाले, मी हे बायकांसाठी लिहिलंय. मी म्हटलं, दवाखान्यात दिवसभर खोकणाऱ्यांच्या तोंडासमोर बसता ते तुम्ही. रोगप्रतिकारक शक्ती तुम्हालाच जास्त लागते. बरोबर ना?"

"अगदी बरोबर." मालूला मी कमी लेखत होते.

६ फेब्रुवारी

लिहिण्याआधी सगळं मी करून, खाऊन बघते. त्याशिवाय प्रमाण कळत नाही. ह्यांना माझा बेत ठाऊक आहे. आज ह्यांनी शेवग्याच्या पाल्याची भाजी बोटाने बाजूला सारली. "शिक्षा बाळला ना? मग मी कशाला?"

"तुम्ही 'सोड गं' म्हणालात म्हणून!"

गुपचूप खाल्ली.

१८ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरची भागीरथी वर आली होती, माझ्या साडीचा फॉल लावून. सकाळपासून मान खाली घालून फॉल-बिडिंग करते बिचारी. जेवण म्हणजे उभ्या उभ्या खारी-बटर आणि चहा. तोंड कायम आलेलं, सर्दी कायमची मुक्कामाला.

आज चेहरा निराळा दिसला. म्हणाली, "बाई, पेपरातल्या डॉक्टरांचं करून बघितलं. आदल्या दिवशी मटकी भिजत घालायची, मोड काढायचे, वर लिंबू पिळायचं. आणि पहिलं ताट वाढून ठेवायचं ते आपलं, बसून खायचं. आमचे हे म्हणाले, ही कुठली राणी! मी म्हटलं, डॉक्टरनी लिहिलंय! मग आपलं आपण वाढून घेतलं. दोन महिने झाले असतील मला सर्दी नाय."

दोन महिने कुठले, लेखाला महिना होतोय. पण असो.

मग म्हणाली, "आम्ही उभ्यानं जेवतो ते त्या डॉक्टरांना कसं कळलं हो? देवमाणूस असणार."

 कसं कळलं? मी उभ्यानं जेवले म्हणून कळलं! अख्खा जन्म उभ्यानं जेवले, त्या देवमाणसाला गरम पोळी मिळावी म्हणून!

सांगणार होते. ओठांवर आलं होतं. गिळलं.

पुढचा लेख कारल्यावर.

१० मार्च

पेच. कडधान्यांवर सविस्तर लिहायचंय आणि वाल वगळता येत नाहीत. वाल म्हणजे बिरडं. बिरडं म्हणजे बाळची दिवाळी! वगळले तर लबाडी होते. सकाळभर विचार केला. शेवटी लिहिलं : मोड आलेले वाल उत्तम, पण दिवसभर बैठं काम असणाऱ्यांनी नारळ बेताने घालावा. शक्य तर नुसते वाफवून.

अंड्याचंही तसंच. बायकांना अंडं लागतं, रोज एक, लिहिलं पाहिजे. म्हणजे त्यालाही मिळणार. असो. उकडलेलं, असं लिहिलं.

१९ मार्च, गुरुवार

मालू : "काल धुळवड. दर वर्षी मटण असतं. ह्यांनी सकाळीच पिशवी उचलली. मी लेख दाखवला—बैठ्या माणसाने मटण सणावारीसुद्धा बेताने. म्हटलं, धुळवडीला तुम्ही कुठे नाचायला जाणार? वाफवलेले वाल केले. चमचाभर वाढले तर माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मीच त्यांचा दवाखाना जाळला!"

"काही बोलले का?"

"कायतरी पुटपुटले. 'वहिनी' असं ऐकू आलं."

जवळ आलंय!

२२ मार्च

बाळ स्वतः आला. एकटाच. खुर्चीत बसला, रुमालाने मान पुसली. "वहिनी, लेख फार छान चाललेत."

"हो का."

"पेशंट कात्रणं काढून ठेवतात. एक प्रकाशक आलेत, पुस्तक करू म्हणतात." मग रुमालाची घडी घालत, "तेवढं एक... मटणाच्या रश्श्यावर एखादा लेख येऊ दे की. ताकद असते त्यात."

"लेखावर नाव कुणाचं आहे, भाऊजी?"

"माझं."

"मग तुम्हीच लिहा."

चेहरा पडला. मी सरळ सांगितलं, पुस्तकावर माझं नाव घाला. तर म्हणतो, "प्रकाशक म्हणतात, डॉक्टर असल्याशिवाय खपत नाही. आणि लोक काय म्हणतील, डॉक्टर आपल्या वहिनीकडून लिहून घेतो? माझी अब्रू काय राहील?"

"मग मालूला तरी सांगा."

"मालूला?" दचकलाच. "ती तर माझ्या लेखांची आरती ओवाळते! वीस वर्षांत पहिल्यांदा मला मान द्यायला लागलीय."

म्हणजे हे आहे तर. कारलं चालेल, पण मान जाता कामा नये! दारापर्यंत पोचवायला गेले नाही.

४ एप्रिल, गुढीपाडवा

लोक आज कडुलिंबाची चटणी बोटाला लावून चाटतात आणि श्रीखंडाकडे वळतात. आजच्या लेखात मी लिहिलंय : कडुलिंब एका दिवसाचा देखावा नाही, चैत्रभर रोज सकाळी अनशापोटी थोडी कोवळी पानं खावीत. जुन्या लोकांची रीतच आहे ती.

श्रीखंड केलं. ह्यांना दोनदा वाढलं. हे म्हणाले, "आज खुशीत?"

खुशीतच.

१६ एप्रिल, गुरुवार

नौपाड्यात काम होतं, बाळ रस्त्यात दिसला. बघतच राहिले. पोट उतरलंय. गालांवर तुकतुकी. दर ऋतूपालटाला घसा धरून बसणारा माणूस, यंदा साधी शिंक नाही म्हणे! कुणीतरी त्याला थांबवून विचारत होतं, "डॉक्टर, काय घेता?"

हा कसला सूड! शत्रू टवटवीत होतोय!

पण चालताना भज्यांच्या गाडीशी घुटमळला. मान वळवून मालू कुठे नाही ना बघितलं. तिथे उभ्या असलेल्या दोघांनी 'नमस्कार डॉक्टर' केला. तसाच पुढे गेला. जन्मात त्याचं असं तोंड पाहिलं नव्हतं. घरी येईपर्यंत ते तोंड मला पुरलं.

२८ एप्रिल

एक गंमत लक्षात आली. पूर्वी सकाळी जाग आली की पहिला विचार नावाचा असायचा. हल्ली तो येत नाही. आज त्याच्या पानात काय पडेल, हा येतो.

२ मे

दुधी. मिठाशिवाय. नाही, हे शास्त्राला धरून नाही. उन्हाळ्यात मीठ हवंच. खोडलं.

७ मे, गुरुवार

मालू आली ती दारातच हसत सुटली. "वहिनी, काल कमाल झाली! पानात कारलं बघितलं आणि हे ताडकन उठले. म्हणतात कसे, यातलं एक अक्षर मी लिहिलेलं नाही, सगळं वहिनी लिहितात! मी म्हटलं, खायचं टाळायला आता वहिनींना मध्ये आणता? तर म्हणाले, जा, वहिनींनाच विचार. त्या हो म्हणाल्या तर पुस्तकावर त्यांचंच नाव घालतो, पण मला रात्री मटण कर! सांगा आता. खरं आहे का?"

पदराने डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिली.

एक 'हो' म्हटलं की नाव माझं. आणि रात्री त्याच्या पानात मटण.

मी म्हटलं, "लहानपणापासून थापाडे आहेत भाऊजी. तू वाढ कारलं."

पुस्तक सोमवारी छापायला जातंय.