विसरलेल्या बायकांचा मी एकमेव वाली

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
कामाला लागलो. 'आपल्या गावातल्या विसरलेल्या बायका' हे प्रदर्शन वाचनालयाच्या कमिटीने माझ्याकडे सोपवलं. म्हणजे हात मीच वर केला, बाकीचे चहा पीत होते. इतिहासाने बायकांवर अन्याय केलाय. तो दूर करायला कुणीतरी कर्तबगार पुरुष हवाच. टायपिंग सौ. करेल. तिला विचारलेलं नाही, पण नाही म्हणणार नाही.

५ फेब्रुवारी
पहिलं पॅनेल महापुराचं. तेव्हा बाबा टेलिफोन एक्स्चेंजचे सुपरवायझर. भर दिवसा पाणी चढत असताना नदीकाठच्या सतरा गावांना त्यांनी फोन केले, हजारो माणसं वाचवली. मानपत्र हॉलमध्ये लावलंय. शाळेत त्यावर निबंध लिहून चार वेळा पहिला आलोय. बाबांच्या हाताखाली एक ऑपरेटर बाई होती म्हणे. बाबांना तिने काय मदत केली ते लिहिलं की झालं.

९ फेब्रुवारी, दुपारी
ऑपरेटर बाईंची मुलाखत. टिपणं घ्यायला सौ. सोबत. वय एकोणऐंशी. मी दोन तास सविस्तर बोललो. बाई फारच मितभाषी, "अजून चहा घेणार?" एवढंच म्हणाल्या. निघताना सौ. म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी बसते जरा. बायकांना गप्पांचा सोसच फार.

१० फेब्रुवारी
सौ. काल चार तासांनी आली. डोळे लाल. म्हणाली, आधी जेवून घ्या. आज सांगितलं. बाबा म्हणे त्या दिवशी सकाळीच एक्स्चेंजमधून निघून गेले. बाई बोर्डावर एकट्या, नऊ तास, गुडघाभर पाण्यात. सतराही फोन त्यांचे. अकराव्या गावाची लाइन लागेना तेव्हा रडल्या, पण उठल्या नाहीत. नंतर बाबांना मानपत्र आणि बाईंना मेमो. रजिस्टरं भिजू दिली म्हणून.
वयोमानाप्रमाणे घोटाळा होतो. मी मजकुरात एवढंच घातलं : 'सुपरवायझरांच्या मार्गदर्शनाखाली'.

११ फेब्रुवारी
सौ. ते टाइप करेना. विचारते, मार्गदर्शन कुठून करत होते? म्हटलं, फोनवरून. म्हणे, मग तो फोन बाईंनीच जोडला असेल ना?
एकोणतीस वर्षांचा संसार. अशी नव्हती ती.

१२ फेब्रुवारी
आईला साक्षीला बसवलं. वय सत्त्याऐंशी, बाबांविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही. सौ.ला म्हटलं, आता ऐक.
आई म्हणाली, "माळ्यावर होते ते. शिडी मीच धरली होती. थरथर कापत होते बिचारे."
इतकी वर्षं बोलली का नाहीस, म्हटलं.
"कुणी विचारलंच नाही."
सौ.ने ते लिहून घेतलं. माझ्याच घरात, माझ्याच पेनने. निबंधाचं बक्षीस आणलं की हीच आई माझी दृष्ट काढायची.

१३ फेब्रुवारी
रात्रभर डोळा लागला नाही. सौ.शी अबोला धरलाय. तिला जाणवेलच.

१९ फेब्रुवारी
अजून जाणवलेलं दिसत नाही. वाचनालयाच्या अध्यक्षांकडे तक्रार घेऊन गेलो. ते म्हणाले, वहिनींचं पॅनेल वाचलं, काटा आला अंगावर, सगळं प्रदर्शन त्यांनाच करू द्या. तुम्ही खुर्च्यांचं बघा.
घरचे फितूर, दारचे फितूर.

१ मार्च, संध्याकाळी
उद्घाटन झालं. निषेध म्हणून मी आत पाऊल टाकलं नाही. बाहेर उभा राहिलो. कुणाच्या लक्षात आलं नाही. एकाने खुर्च्या कमी पडल्याचं सांगितलं, त्या दारापर्यंत नेऊन दिल्या. मग टाळ्या. इतका वेळ टाळ्या मी बाबांच्या सत्कारालाही ऐकल्या नव्हत्या.
सौ. ऑपरेटर बाईंना सोडायला गेली. आईला मी घरी आणलं. म्हटलं, माझं भाषण राहूनच गेलं. आई म्हणाली, मला वाचून दाखव. नऊ पानं, उभ्याने वाचली. आईने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "छान आहे. पण त्या बाईचं नाव कुठे आलं नाही यात?"
पानं पुन्हा चाळली. 'एक ऑपरेटर बाई' असं सहा वेळा आहे. नाव मी विचारलंच नव्हतं.
सौ.ला माहीत असणार. पण अबोला मी धरलाय, विचारू कसं?