तीनदा परत पाठवलेल्या सहा ओळी

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, २० मे २०२४

चि. राजनंदिनी,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. नळाला नवव्या दिवशी पाणी आलं, तेही पाऊण तास. पडेगावकडं नव्या इमारती एवढ्या झाल्यात की टँकर आधी तिकडंच वळतात. तू पुण्यात ठीक असशील.

पत्र तुझ्या पॅचबद्दल, प्रोग्राममधल्या त्या दुरुस्तीबद्दल आहे. पॅच जिथं ईमेलनं येतात ती मेलिंग लिस्ट सगळं जग वाचतं, म्हणून हे टपालानं.

कॉम्प्युटर सुरू होताना त्या जुन्या नेटवर्क कार्डाला चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम 'कार्डाकडून उत्तर नाही' असा इशारा देतो. पुढं कार्ड नीट चालतं, म्हणून इतकी वर्षं कुणी लक्ष दिलं नाही. तू दाखवून दिलंस की ड्रायव्हर कार्डाला जागं करायच्या आधीच प्रश्न विचारतो. तू क्रम बदललास. सहा ओळी. त्या ड्रायव्हरचा तपासनीस मी, माझ्या 'तपासलं' शिवाय पॅच पुढं जात नाही. दहावीनंतर कॉलेजचं तोंड न बघितलेल्या, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माणसाचं नाव तिथं आहे, याचा मला किती गर्व आहे ते तुला वेगळं सांगायला नको.

पहिल्यांदा परत पाठवला, कारण वर्णनातलं वाक्य लांब होतं. दुसऱ्यांदा, एक रिकामी ओळ जास्त होती. तिसऱ्यांदा, कोणकोणत्या मशीनवर चालवून बघितलं त्याची यादी मागितली. दर वेळी दुसऱ्या दिवशी तू दुरुस्त करून पाठवलंस, सोबत इंग्रजीत दोन ओळी आभाराच्या. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, त्यामुळं मला काय म्हणतेस तेही कळेना.

आई विचारायची, "काय लिहिलंय पोरीनं?"

"रिकामी ओळ काढली म्हणती."

"आन् अजून?"

"अजून काय असणार."

काल तुझा फोन आला तेव्हा मी नेहमीसारखा गच्चीवर टाकी बघायला गेलो. खाली आलो तर आई म्हणाली, "पप्पांना विचार म्हणली, या वेळी शेवटची तारीख कधी आहे. तुम्हाला कळंल म्हणली."

कळलं.

२०१६ चा जून. तेव्हाही नळ आठ-आठ दिवस कोरडा. तुझ्या कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही पाहिजे होती. एकदा म्हणालो, खाडाखोड आहे, नवा आण. एकदा म्हणालो, शाई दोन रंगांची आहे. सांडूमामा गंगापूरहून मुद्दाम आला. "दाजी, पोरीचा फॉर्म हाय, धरणाचा नकाशा नाय. करा की सही!" मी म्हणालो, काम चोख पाहिजे. तारीख निघून गेली. पुढच्या वर्षी सही मामानं केली आणि तू गेलीस.

मी आजवर सगळ्यांना चोखपणाचंच कारण सांगत आलो. फॉर्म बरोबर होता, राजू. तू गेलीस तर पाणी कोण भरील, दुकानात माझ्याशी कोण बोलेल, एवढंच डोक्यात होतं.

पॅचही पहिल्या दिवसापासून बरोबर होता. पास केला की तुझं लिहिणं थांबेल, हे ठाऊक होतं. माणसाला धरून ठेवायला मला खोट काढण्यापलीकडं काही येत नाही. या वयात आता कोणाकडं शिकू?

आज सकाळी दुकानातली ती जुनी मशीन तुझा पॅच घालून सुरू केली. ती इशाऱ्याची ओळ आली नाही. नऊ वर्षांची असताना तू स्टुलावर उभी राहून विचारलं होतंस, "पप्पा, ही ओळ का येती?" मी म्हणालो होतो, "येऊ दे, तिनं काही होत नाय." मला कारण माहीत नव्हतं. माहीत नाही, एवढं म्हणायला जीभ वळली नाही.

ते कार्ड आज किती जणांकडं उरलं असेल? तू नेमकं तेच का निवडलंस, हे विचारायचा हक्क मी गमावलाय.

अकरा वाजता 'तपासलं' लिहून पाठवलं. आता तू मला लिहावंस असं कुठलंही काम उरलेलं नाही. तुझा पत्ता मामाकडून मागून घेतला. तो म्हणाला, "आता कशात खोट काढायची राहिलीय, दाजी?"

चूक नव्हती. तेव्हाही नव्हती.

तुझे,
पप्पा