बारा फिकट चौकोन

ताई,

हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. बाबांचं पिसांच्या चित्रांचं जुनं पुस्तक तू एकदाच मागितलंस, आणि मी सांगितलं, वाळवीने खाल्लं. ती वाळवी मीच. फ्रेमा करण्यात जन्म गेला, हात शिवशिवले. बारा पानं कापली, कडेला तू शाळेत असताना पेन्सिलने लिहिलेली नावं छाटली आणि चित्रं दिवाणखान्यात ओळीने लावली. पाहुणे वाहवा करायचे, मी फुगायचो.

परवा तू येणार म्हणून फ्रेमा माळ्यावर टाकल्या. भिंतीवर बारा फिकट चौकोन उरले.

"इथे काय होतं रे?"

"कॅलेंडर," मी म्हणालो.

"बारा?"

मग तू एकेका चौकोनापाशी थांबत, पुस्तकातल्याच क्रमाने, हळू आवाजात नावं घेत गेलीस. घुबड, खंड्या, सुतारपक्षी... एकही चुकली नाहीस.

शेवटच्या, जरा तिरक्या चौकोनापाशी वळून एवढंच म्हणालीस, "मोराचं पीस वाकडं लावलं होतंस."

ताई, भांडली असतीस तर बरं झालं असतं गं.

अजून तुझ्या शिव्यांची वाट बघणारा,
तुझा धाकटा