बंड्याला थांबायला शिकवताना

प्रिय बाबा,

आज बंड्या तुमच्या स्कूटरमागे धावला नाही. पट्टा ताणला नाही, भुंकलासुद्धा नाही. आईला सांगितलं तर ती नुसतं "बरं झालं" म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मग सांगू कुणाला? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

ही सवय तुम्हीच लावलीत हो! सकाळी दूध आणायला निघालात की "चल, पकड मला" म्हणत त्याला सोसायटीच्या गेटपर्यंत पळवायचात आणि तिथे थांबून खारी भरवायचात. मी कुरकुरले की म्हणायचात, "अगं, त्याचा व्यायाम होतो आणि माझी करमणूक." तुम्ही थांबायचात म्हणून तोही थांबायचा. तुमच्यामागे त्याला कोण थांबवणार, हा विचार कधी केलात का?

तुम्ही गेल्यावर आईने स्कूटर समोरच्या इमारतीतल्या मेश्रामला विकली. नागपूरचा मुलगा, खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तुमचं हेल्मेटही तिने त्यालाच देऊन टाकलं. त्याने पहिल्यांदा किक मारली आणि बंड्या माझ्या हातून निसटून सुसाट सुटला, तो थेट नगर रस्त्यावर! ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचला. आवाज ऐकून मेश्राम थांबला, तर हा त्याच्यापुढे जाऊन हेल्मेटकडे बघत शेपूट हलवतोय. मेश्रामने हेल्मेट काढलं. बंड्याची शेपूट हळूहळू खाली गेली. ते काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

सेक्रेटरी दारात येऊन म्हणाले, "कुत्रा तुमचा असेल, रस्ता आमचाही आहे. पुन्हा सुटला तर दुसरं घर बघा. त्याच्यासाठी म्हणतोय."

मग शिकवायला घेतलं. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, तीच स्कूटर आधी लांबून न्यायची, मग हळूहळू जवळून. तिच्यावरून नजर काढून त्याने माझ्याकडे पाहिलं की मी लगेच खाऊ द्यायचा. मेश्रामला विचारलं, तर म्हणाला, "काही टेन्शन नका घेऊ ताई, मी मारतो ना चकरा."

म्हणजे स्कूटर तुमची, हेल्मेट तुमचं, आणि मी पट्टा धरून म्हणायचं, "बंड्या, तिकडे नाही. इकडे बघ." तुम्हाला विसरायलाच शिकवतेय असं वाटायचं. पण तो जगायला हवा, तर दुसरा इलाज तरी काय होता?

आज स्कूटर अगदी हातभर अंतरावरून गेली. बंड्या थरथरला, पण बसून राहिला आणि खाऊसाठी माझ्या तोंडाकडे बघू लागला. आणि मी? कोपऱ्यावर वळेपर्यंत मी तुमच्या पाठीकडे बघत उभी होते. त्या बिचाऱ्याला किती वेळ ताटकळत ठेवलं!

पुढच्या वेळी तो माझ्याकडे बघेल तेव्हा मीही त्याच्याकडेच बघत असेन, हा शब्द देते. फक्त तुम्ही वळून बघू नका हं, बाबा. बघितलंत, तर मीच पट्टा सोडून धावत सुटेन.

तुमची,
मनू