सूर्यफुलाचा भावफरक

३ जून
बँकेचा मेसेज — "सूर्यफूल भावफरक अनुदान जमा." माझ्या खात्यात! मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. पेरलं म्हणायचं तर खिडकीतल्या डब्यात पुदिना, तोही वाळला. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "काय शेतकरीणबाई, यंदा पीक बरं दिसतंय!"

४ जून
कॅशियर म्हणतो नाव बरोबर, नंबर बरोबर. "मग चूक कुणाची?" "मॅडम, पैसे आल्याची तक्रार करणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

६ जून
अर्धी रजा टाकून शेतकी कचेरीत गेले. बाजारात सूर्यफुलाचा भाव पडला की ठरलेल्या भावापर्यंतची तूट सरकार भरून देतं म्हणे. आजवर ती कसणाऱ्याला मिळायची, यंदापासून जमिनीच्या मालकाला. कारकुनानं स्क्रीन माझ्याकडे फिरवला. मालक — मी! विहिरीकडची चार एकर.

बाबांनी वाटण्या केल्या होत्या खऱ्या. रस्त्याकडची दादाची, विहिरीकडची माझी. पण बाबा गेल्यावर मी हक्क सोडला ना! इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून सही केली, दादासमोर. बारा वर्षं झाली.

"असा कागद इथे आलाच नाही," कारकून म्हणाला. वर हातात एक फॉर्म — जमीन स्वतः कसता की दुसऱ्याला दिलीय, पंधरा तारखेच्या आत लिहून द्या.

डोकं गरगरतंय नुसतं.

७ जून
दादाला फोन केला. म्हणाला, "काहीतरी घोळ असेल, परत करून टाक." लगेच, "नको, राहू दे तुझ्याकडेच."
"दादा, तो सहीचा कागद?"
"द्यायचा राहून गेला."
मग वहिनीनं फोन घेतला. "वन्सं, जेवलात का?" दुपारचे चार वाजले होते!

८ जून
राहून गेला? दूध आणायचं राहून जातं!

१० जून
हे म्हणतात, "इतकी वर्षं तुझ्या जमिनीवर खाल्लं त्यानं. आता उघडं पडलं, म्हणून राहू दे म्हणतोय." मी ताडकन म्हटलं, माझ्या भावाला काही बोलायचं नाही! आणि दुकानात दिवसभर तेच घोळत होतं. एका चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवली. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, जमीन अंगावर येतेय!" मालकांनी सगळ्यांसमोर झापलं.

पण मी तर जमीन सोडलीच होती. मग त्यानं माझं खाल्लं काय? आणि मला राग कशाचा येतोय? जमिनीचा नाही. लपवल्याचा? लपवलं तरी नेमकं काय?

११ जून
तीनदा फोन केला. दादा उचलत नाही.

१२ जून
फॉर्म भरला. जमीन कोण कसतं — "स्वतः."
कारकून म्हणाला, "मग कसणारा म्हणून तुमच्या भावाचं नाव आहे, ते काढतो. त्या जमिनीवर त्यांना पीककर्ज, विमा काही मिळायचं नाही."
"काढा."
सही ठसठशीत केली. बाहेर आल्यावर मात्र घरी कोणती बस जाते तेच आठवेना. दोन गेल्या समोरून.

१४ जून
काल वहिनीचा फोन आला. दादाला न सांगता केला होता. रस्त्याकडची जमीन दादानं तीन वर्षांपूर्वीच विकली. तिच्या ऑपरेशनसाठी. आम्हाला कुणाला कळूसुद्धा दिलं नाही. ती म्हणाली, "वन्सं, खोटं कशाला बोलू? मीच ह्यांच्या मागे लागले होते, सही केलेला कागद घरात आहे, कचेरीत द्या आणि विहिरीकडची विका. ऐकलं नाही. म्हणाले, ती तिची आहे." आता दोघांचं सगळं त्या चार एकरांवरच. कालच पेरणी संपवली.

कचेरी दहाला उघडते. मी नऊपासून पायरीवर बसून हे लिहितेय.